चिठ्ठीखालची खूण

मनोहर घाडगे गेल्याची बातमी मला कळली तेव्हा माझ्या हातात खडू होता. वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर मी त्या दिवसाचा मजकूर लिहीत होतो. ग्रंथपाल आतून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, ते पुसा. मनोहरभिया गेले, पहाटेच." सभासद गेला की त्या दिवशी फळ्यावर दुसरे काही लिहायचे नाही, असा आमच्याकडचा रिवाज आहे. नाव, वय आणि अंत्ययात्रा कुठून निघणार, एवढेच. मी पुसले आणि तीन ओळी लिहिल्या. मागे वळलो तर रस्त्यावर सायकली थांबल्या होत्या, भाजी घेऊन चाललेल्या बाया थांबल्या होत्या, एक टेंपोवालासुद्धा गाडी बाजूला घेऊन वाचत होता. दोन वर्षे मी त्या फळ्यावर रोज लिहीत होतो, आणि माझे अक्षर वाचायला इतकी माणसे कधी थांबली नव्हती. माझ्या मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता. या माणसाला वाचक मिळवायला आता लिहावेही लागत नाही, असा तो विचार होता...

या गोष्टीला सहा आठवडे झाले. मनोहरविषयी चांगले सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळे खरेच सांगतात. मला जे सांगायचे आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही, म्हणून लिहितो आहे.

आम्ही एका शाळेत, एका बाकावर होतो. मॅट्रिकला तो राहिला आणि वडिलांच्या जागी मिलमध्ये मागावर लागला. मी पुढे शिकलो, एम.ए. झालो आणि इंदूरच्याच तुकोगंजातल्या एका शाळेत मराठी शिकवू लागलो. पासष्टची लढाई सुरू झाली तेव्हा त्याच्या मिलमध्ये खाकी कापड निघत होते. फौजेसाठी. पाळी संपली तरी तो मागापासून हलत नसे, असे त्याचे जुने सोबती अजून सांगतात. त्याच दिवसांत वाचनालयाला लढाईच्या बातम्या फळ्यावर लिहायला कोणी हवे होते आणि मनोहरचे अक्षर गोल, सुटे, दुरून वाचता येणारे होते. लढाई संपली, पण बातम्यांखाली स्वतःच्या दोन ओळी लिहायची त्याची सवय संपली नाही. पुढे बातम्या गेल्या आणि त्या दोन ओळीच राहिल्या. पंचवीस वर्षे तो पहिल्या पाळीला जाण्यापूर्वी त्या लिहीत असे.

त्याची मते जुन्या वळणाची होती आणि ती तो लपवत नसे. देश आधी, घर नंतर, आपली तक्रार सगळ्यांत शेवटी. संप त्याला आवडत नसे, उधळपट्टी आवडत नसे, आणि परक्यांच्या भांडणात हिरीरीने बाजू घेणारी माणसे तर मुळीच आवडत नसत. मीही त्याच मताचा. फरक इतकाच, की मी ते मत चार रकाने लिहून मांडत असे आणि तो दोन ओळींत.

आमच्यात एक नेम होता. मिलमध्ये कापडाच्या थानांना चिकटवायची रंगीत लेबले असत. खराब छपाईची टाकून दिलेली लेबले तो घरी आणी आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या दिवशीच्या ओळी लिही. संध्याकाळी ती चिठ्ठी माझ्याकडे येई. "शब्द बघ रे," तो म्हणे, "विचार तर आपला आहे, शब्द तेवढा बघ." मी तपासायच्या लाल पेन्सिलीने एखादा शब्द बदली आणि चिठ्ठीच्या तळाशी बरोबरची खूण करी. त्या खुणेसाठी तो खाली बोटभर जागा कोरी सोडत असे. ती नसेल तर तो फळ्यावर एक अक्षर लिहीत नसे.

या तपासणीची गरज आमच्या गावाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवी. इंदूरचे मराठी हिंदीच्या शेजारी वाढले आहे, आणि काही शब्द दोन्ही घरांत राहतात पण दोन्हीकडे वेगळे वागतात. आखातात युद्ध पेटले त्या हिवाळ्यात मनोहरने लिहून आणले होते, "साऱ्या संसाराला आग लागली आहे, आपण आपली बादली भरून ठेवू." मी संसाराचे जग केले. तो इतका हसला की चहा सांडला. "बरं झालं यार तू बघितलंस. नाहीतर लोक म्हणाले असते, घाडग्याच्या घरी भांडण लागलं, वहिनीला समजवायला चला."

त्याच हिवाळ्यात माझ्या असूयेला तिचे खरे नाव मिळाले. ती जुनीच होती, पण तोवर मी तिला वाङ्मयीन मतभेद म्हणत असे. पेट्रोल महागले होते, रॉकेलसाठी डबे घेऊन रांगा लागत होत्या, आणि परक्या वाळवंटातल्या तोफा आपल्या चुलीपर्यंत कशा येतात यावर मी तीन आठवडे खपून एक लेख लिहिला होता. तेलासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्या देशाने स्वाभिमानाच्या गोष्टी जपून कराव्यात, असा त्याचा आशय. लेख रविवारी छापून आला. एकानेही त्याचा उल्लेख केला नाही. मंगळवारी मनोहरने फळ्यावर लिहिले, "पेट्रोल महागले, सायकल महागली नाही. स्वाभिमान पायात असतो, टाकीत नसतो." दुपारपर्यंत ती ओळ शाळेच्या शिक्षकदालनात पोचली होती. संध्याकाळी आमच्या घरी रॉकेलचा डबा ठेवता ठेवता पत्नी ती गुणगुणल्यासारखी म्हणत होती. मी विचारले, माझा लेख वाचलास का? ती म्हणाली, "वाचणार आहे. पण मनोहरभाऊजींनी तेच लिहिलंय ना?"

तेच लिहिले होते. हेच तर दुखणे होते.

त्यानंतर आलेल्या चिठ्ठीवर खूण करताना मी त्याला म्हणालो, की तुझी भाषा फार हलकी आहे, रस्त्यावरची आहे. देशासारख्या विषयाला जरा भारदस्त शब्द हवेत. मी हे शांतपणे म्हणालो. माझा आवाज कधीच चढत नाही आणि लोक त्याला माझा सद्गुण समजतात. मनोहर विचारात पडला. तो मला फार मानत असे. दोनच दिवसांनी तो नवी चिठ्ठी घेऊन आला आणि तिच्यात त्याने हिंदी वर्तमानपत्रातून शोधून एक भारदस्त शब्द घातला होता. ओळ अशी होती, "बर्फात उभ्या असलेल्या आपल्या जवानांची चेष्टा बघा, पेट्रोलचे दुःख हलके होईल."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, धडपड. मराठीत काय, ते वाचकांना सांगायला नको.

मी तो शब्द पाहिला. तो मला पहिल्याच वाचनात टोचला, आणि पेन्सिल त्याच्यावर गेलीसुद्धा. मनोहर समोर बसला होता, शाळेतल्या मुलासारखा, शाबासकीची वाट पाहत. "आता जरा वजनदार झालं ना?" त्याने विचारले. मी म्हणालो, "झाले." आणि चिठ्ठीच्या तळाशी खूण केली. नजरचूक झाली असे पुढे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिले. झाली नव्हती.

सकाळी मी मुद्दाम वाचनालयात लवकर गेलो. पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला आलेले पुण्याकडचे एक तरुण अभियंते फळ्यापुढे उभे राहून ती ओळ मोठ्याने वाचत होते आणि हसत होते. त्यांच्या मागे सुभेदार गायकवाड उभे होते. महूच्या फौजी घराण्यातले, बापआजोबांपासून पलटणीत. निवृत्तीनंतर आमच्या भागात राहायला आले होते आणि रोज वर्तमानपत्र वाचायला येत. त्यांचा मुलगा तेव्हा सरहद्दीवर होता. मनोहर अजून कामावर गेला नव्हता. मिलमध्ये तेव्हा काम असे-नसे झाले होते, उशीर झाला तरी विचारणारे कोणी उरले नव्हते. सुभेदार त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "घाडगे, माझा मुलगा तिकडे बर्फात आहे. चेष्टा करायला तुम्हाला दुसरं कोणी सापडलं नाही?"

मनोहरला आधी कळलेच नाही. मग तो म्हणाला, "चेष्टा म्हणजे मेहनत, साहेब... कोशिश. मी तर त्यांची तारीफ केली आहे." अभियंते म्हणाले, मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. मनोहरने माझ्याकडे पाहिले. "सर सांगतील ना. सर, सांगा तुम्ही."

इतर वेळी तो मला अरे-तुरे करी. त्या दिवशी त्याने मला सर म्हटले. आणि मी सांगितले, की मराठीत त्या शब्दाचा अर्थ तसाच होतो.

त्याच आठवड्यात कार्यकारिणी बसली. अध्यक्षांनी विचारले, लिहिण्यापूर्वी हे कोणी पाहिले नव्हते का? मी खिडकीजवळ बसलो होतो. खिशातली लाल पेन्सिल मला छातीला टोचते आहे असे वाटत होते. मनोहर म्हणाला, "कोणी नाही. त्या दिवशी चिठ्ठी घरीच राहिली होती. चूक माझीच." त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. फळा एकमताने माझ्याकडे आला. भाषा निर्दोष असावी, एवढीच अट होती आणि ती मी आजवर पाळली आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे. पंधरा दिवसांनी सुभेदार मला रस्त्यात भेटले. मनोहर त्यांच्या घरी जाऊन आला होता, त्यांच्या पत्नीसमोर हात जोडून सगळे समजावून गेला होता. "शब्द चुकला, माणूस नाही चुकला," सुभेदार म्हणाले. "सर, त्यांना म्हणावं परत लिहा. मीच सांगतोय म्हणावं." मी म्हणालो, सांगतो. सांगितले नाही. उद्या सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू... तोवर माझे लेखन फळ्यावर स्थिरावेल, लोक थांबू लागतील, असे मला वाटत असे.

लोक थांबले नाहीत. त्यानंतर मिलचा भोंगा बंद झाला. गावात परदेशी बनावटीच्या वस्तूंची दुकाने लागली, टीव्हीवर जगभरच्या गोष्टी दिसू लागल्या, आणि मी फळ्यावर उदारीकरण, आत्मनिर्भरता, राष्ट्रीय चारित्र्य यांविषयी लिहीत राहिलो. एकदा पाऊस येऊन फळा धुऊन गेला, तेव्हा काय लिहिले होते असे कोणी विचारलेही नाही. मनोहर मात्र येता-जाता सायकलवरून उतरून पूर्ण मजकूर वाचत असे. बहुधा तो एकटाच. भेटला की म्हणे, "तुझं एकदम शुद्ध असतं यार." त्याच्या आवाजात उपरोध शोधण्यात मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या. तो नव्हता. उपरोध असता तर मला झोप लागली असती. माझ्यापाशी पदवी होती, फळा होता, निर्दोष भाषा होती. आणि त्याचा हा मोकळेपणा पाहून मी पुन्हा त्याच्यावरच जळत असे.

तेराव्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. सुमनवहिनींनी चहा दिला आणि मग खुंटीवरून एक लांब लोखंडी तार काढून माझ्यापुढे ठेवली. पंचवीस वर्षांची लेबले त्या तारेत खोचलेली होती. "हे तुमचंच आहे ना भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या लाल खुणा आहेत यांवर. ते फेकू द्यायचे नाहीत." मी तळापासून एकेक चिठ्ठी वर सारत गेलो. संसाराची निघाली. टाकीतल्या स्वाभिमानाची निघाली. आणि तीही निघाली. जवानांची. तळाशी माझी खूण होती, ठळक, इतर दिवसांपेक्षा जरा मोठीच. घरी राहिलेली चिठ्ठी... कार्यकारिणीपुढे त्याने ती एकदा खिशातून काढली असती तर पुरे होते.

पण तार तिथे संपत नव्हती. त्या चिठ्ठीच्या वरही लेबले होती, पुष्कळ. फळा गेल्यावरही तो रोज लिहीत होता. मिल बंद झाली त्या दिवशीचे होते, डिझेल पुन्हा वाढले त्या दिवशीचे होते, दूरच्या कुठल्याशा देशात पुन्हा गोळ्या सुटल्या त्याचे होते. प्रत्येकाच्या तळाशी बोटभर जागा कोरी होती.

तार मी घरी आणली आहे. सुभेदारांना भेटलो आणि त्यांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता?" कार्यकारिणीलाही पत्र दिले आहे. मनोहरच्या या उरलेल्या ओळी, त्या संपेपर्यंत, फळ्यावर त्याच्या नावाने लिहाव्यात असे ठरले आहे. त्यांतली मी निवडलेली पहिली काल लिहिली. माणसे थांबली. मी हात झटकत बाजूला उभा होतो आणि, खोटे कशाला सांगू, मला अजून थोडे दुखले.

लिहिण्यापूर्वी ती चिठ्ठी मी टेबलावर ठेवून पाहिली होती. मिल बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची. "भोंगा बंद झाला म्हणून बसून राहू नका. मुलांना चांगली शिक्षा द्या, देश त्यांच्याच हाती आहे."

हिंदीतली शिक्षा. त्या शब्दावर माझी पेन्सिल बराच वेळ थांबली. मग मी तो खोडला, वर शिक्षण लिहिले, आणि त्याने सोडलेल्या जागेत खूण केली.