वडिलांच्या प्लेअरमधला आवाज

काचबिंदूने वडिलांची नजर गेली तेव्हा त्यांच्याकडे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एमपीथ्री प्लेअर होता. पडदा दिसत नसल्याने त्यांना त्यावर काही निवडता येईना. मी सकाळी वृत्तपत्राच्या कचेरीत जाण्यापूर्वी त्यांना हवा तो राग लावून देत असे. हे काम माझे होते आणि मला ते आवडत होते.

धाकट्या बहिणीचा नवरा हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत होता. एका रविवारी तो प्लेअर घेऊन गेला. आतले मूळ फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली, काढून त्याने इंटरनेटवर फुकट मिळणारे दुसरे बसवले. आधी प्लेअर सुरूच होईना. पुढच्या रविवारी प्लेअर बोलत परत आला. बटण दाबले की पडद्यावरचा शब्द ऐकू येई. हे बोलणे मुळात इंग्रजी होते. मेहुण्याने त्या जागी प्रत्येक सूचना आणि प्रत्येक फोल्डरचे नाव स्वतः मराठीत बोलून भरले होते.

तेव्हापासून शनिवार पेठेतल्या आमच्या घरात प्लेअर पहाटेपासून बोलू लागला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वडील प्लेअर ऐकवत आणि "हे आमचे जावई" म्हणत. मी शेजारीच बसलेला असे. मला गाणे लावायला कोणी सांगत नव्हते.

मग कंपनीने मेहुण्याला अमेरिकेला पाठवले. इकडे वडिलांना नाट्यगीते हवी झाली. मी ती भरली, पण त्या फोल्डरला बोललेले नाव नव्हते. ते आपण घालावे असे मी ठरवले. मेहुण्याला ईमेलने विचारता आले असते. विचारले नाही. फर्मवेअरला ध्वनीची फाइल एका ठराविक प्रकारचीच चाले. माझी पहिली फाइल वाजलीच नाही. दुसरी दुप्पट वेगाने, चिरकी वाजली. कोणाचे पोर आले आहे, असे वडिलांनी विचारले. इंटरनेटवर लोकांनी लिहून ठेवलेले उपाय वाचण्यात बरेच दिवस गेले. शेवटी जमले. एकदा जमल्यावर मी एका नावावर थांबलो नाही. सगळ्या सूचना आणि सगळी नावे माझ्या आवाजात घातली.

वडिलांनी सकाळभर प्लेअर ऐकला. मग मला बोलावले.

"हे सगळं तू बोललायस?"

हो म्हणालो.

"जावई सांगायचे. तू बजावतोस. साधं 'मागे' म्हणतोस, तरी मला वाटतं माझं काहीतरी चुकलं."

पुन्हा बोलून पाहतो, असे मी म्हणालो.

"नको. त्यांचाच घाल."

मेहुण्याच्या जुन्या फाइली मी जपून ठेवल्या होत्या. त्या पहिल्याच वेळी चालल्या. संध्याकाळी वडिलांनी बहिणीला फोन लावायला सांगितला. नाट्यगीतांचे नाव तेवढे राहिले आहे, सवडीने बोलून पाठवा, असा जावयांना निरोप दिला. चार दिवसांनी ती फाइल माझ्या ईमेलवर आली. ती प्लेअरमध्ये बसवता येणारा घरात आता मीच होतो.