उशिरा आलेलं ‘व्हय म्हाराजा’

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी मुंबईत औषधशास्त्र शिकत होतो. मद्रासला औषधवाल्यांच्या परिषदेचं बोलावणं आलं आणि आनंदाआधी धास्तीच वाटली. आम्ही ठाकर. बाप देवळात कळसूत्री बाहुल्या नाचवायचा. ओळखीशिवाय नोकरी नाही, आणि बाहुल्यांपलीकडे आम्हाला कोण ओळखत होतं? मद्रासला चार मोठी माणसं भेटली असती. गावच्या मुंबईकर मंडळानं खर्च देऊ केला, पण मेख मारूनच: गावाची संमती हवी, नाहीतर त्याच पैशात देवळाला लाउडस्पीकर.

संमती जत्रेच्या दिवशी विचारायची होती. दुसऱ्याच दिवशी मालवणहून माझी मुंबईची बोट.

मंडळाचा गावातला कारभारी म्हणजे दुकानदार. ठाकराच्या पोरानं बाहुल्या सोडून बाटल्या धरल्या ते ठीक, पण त्यासाठी मद्रास कशाला, असं तो सकाळपासून घरोघर सांगत होता. माणसं माना डोलवत होती. सुट्टीत ज्यांना मी डॉक्टरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायचो, तीसुद्धा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. बापानं मनगट धरून ठेवलं म्हणून गप्प राहिलो.

आधी गाऱ्हाणं, मग संमती. गावाच्या वतीनं देवाकडे मोठ्यानं मागणं मागायचा तो मान म्हाताऱ्या गावकाराचा. तो कुणाच्या बाजूचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं नारळ हातात घेतला. पाऊसपाण्याचं मागून झालं, गुराढोरांचं झालं, मुंबईतल्या लेकरांचं झालं. दर मागण्याला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. त्यासाठी आमच्याकडे ऐकावं लागत नाही. गावकार थांबला की तोंड आपोआप उघडतं.

सूर न बदलता म्हातारा म्हणाला, “ठाकराचो झील औषधां शिकता. गावान त्येका मद्रासाक धाडूचां ठरवलेलां आसा. कोण आडो इलो तर त्येका बाजूक कर, आणि झिलाक सुखरूप परत हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजला. दुकानदाराचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग माणसं एकमेकांकडे बघू लागली. आपण काय बोलून बसलो ते एकेकाला उमजत होतं. तेवढ्यात मागून बापाचं एकट्याचं “व्हय म्हाराजा” आलं, उशिरा आणि कापत. ज्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यांनीही वळून पाहिलं. यानंच सगळं बिघडवलं, असं वाटलं.

दुकानदार पुढे झाला. सवयीनं तोंडातून गेलं, म्हणू लागला. गावकारानं आधी नारळ फोडला.

“दिलेलो शब्द परत घेतलो, असां नवां गाऱ्हाणां घालतंस? घाल. आमी हंयच आसांव.”

दुकानदारानं टोपी सारखी केली आणि मागे सरला. मग वेगळी संमती कुणी विचारलीच नाही.

घरी जाताना मी बापावर चिडलो. सगळ्यांबरोबर म्हणायला काय झालं होतं, असं विचारलं. बाहुल्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन तो चालत राहिला. मग ते दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, “सगळ्यांवांगडा म्हटलां असतां, तर त्यातलां माझां खंयचां, तां देवाक कसां कळलां असतां?”