बंदरावरचं पान

नव्वदच्या दशकात दर जानेवारीला आमच्या मंगळवार पेठेतल्या शाळेत लेझमीच्या सरावाला एक हलगीवाला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. आल्या आल्या तो मैदानाच्या कोपऱ्यात रद्दी पेटवायचा, तिच्यावर हलगी शेकायचा आणि चामड्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा.

एका वर्षी मी चौथीला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होते. एक लहान मुलगी व्हायोलिन घेऊन बोटीनं परमुलखात जाते आणि मोठी वादक होते. हलगीवाला मुलांच्या मागं उभा राहून ऐकायचा. पुस्तक फाटलं, तेव्हा मी ते त्यालाच ठेवून घ्यायला दिलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर विस्तवात तीच रंगीत पानं. माझं डोकंच फिरलं.

"अहो, जाळायला दिलं होतं का पुस्तक?"

त्यानं खिशातून घडी घातलेलं एक पान काढलं. चित्रात बोट निघालीय आणि बंदरावर मुलीचा बाप हात वर करून उभा आहे.

"ह्ये ठेवलंय की, बाई. माझं पोरगंबी असंच गेलतं, बँडवाल्यासंगं ताशा वाजवाय. स्टँडवर मी असाच हात केलता. परत आलं न्हाय."

"पण पुढं ती मुलगी किती मोठी झाली, बघितलंत ना?"

"बघितलं की. फुडं कुटंच तिचा बा न्हाय."

त्यानं शेवटचं पान विस्तवात सारलं. त्यावर ती मुलगी भरल्या सभागृहापुढं वाकून उभी होती. चामडं तापून खणखणीत झालं, तशी आमची मुलं लेझमी घेऊन रांगेत आली.