ज्यानं घासला, त्यानंच काढायचा

कडा गेलेला बोल्ट घेऊन गाडी आली की याकोब मिस्त्री आधी बॉनेट उघडत नसे, तोंड उघडत असे. "हात कुणाचा लागलाय?" एवढाच प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत गाडी लिंबाखाली उभी. गाडी कुणाची आहे, कुठे निघाली आहे, मालक किती मोठा आहे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. हात लावणारा सापडला की त्याला इंजिनापुढं उभं करायचा, हातात कानस द्यायचा आणि स्वतः मागं उभा राहून त्याचा उद्धार करायचा. "ज्यानं घासला त्यानंच काढायचा" हा त्याचा कायदा. त्यापुढं मी कपाळावर हात मारून घेण्यापलीकडं काही करू शकत नव्हतो.

आम्ही दोघं भागीदार. देवळाली प्रवराकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची पत्र्याची शेड होती. तो इंजिन बघायचा, मी टायर, बॅटऱ्या आणि गिऱ्हाईक बघायचो. गिऱ्हाईक बघायचो म्हणजे त्यानं पळवून लावलेलं परत आणायचो. चिडका मी पण कमी नाही, माझी बायको अजून सांगेल. पण माझा राग घरी जाईपर्यंत उतरायचा. याकोबचा राग सकाळी शेडचं दार उघडल्याबरोबर त्याच्या आधी आत शिरायचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोल्टाच्या डोक्याला सहा कडा असतात. बरोबर मापाचा पाना लावला तर बोल्ट सुटतो. पण आमचे लोक पाना शोधायचा कंटाळा करतात, हाताला येईल ती पक्कड लावतात आणि हिसडे देतात. कडा झिजून डोकं गोटीसारखं गोल होतं आणि मग त्याला काही म्हणजे काही धरत नाही. "पक्कड तारंसाठी असती रं मुडद्या," याकोब सुरू व्हायचा, "बोल्ट काय तुझा दुश्मन हाय व्हय? घाई हुती तर पायी जायाचं." असं म्हणत म्हणत तो त्या माणसाकडून डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू कानशीनं सपाट करून घ्यायचा. मग बोल्ट तापवायचा आणि त्याला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आत आट्यांत उतरतं. नाताळात चर्चमध्ये उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे तो त्यासाठी डब्यात जपून ठेवायचा. शेवटी एक माप लहान पाना हातोडीनं ठोकून बसवायचा. "आता सोडू?" असं त्या माणसानं विचारलं की याकोब ओरडायचा, "आधी जरा आवळ. मग सोड. हाताला कळाय पायजे, नुसतं डोस्क्याला कळून काय उपेग?"

एकदा खुद्द पाळकसाहेबांनी आपल्या मोटारसायकलचा बोल्ट घासून आणला. पांढऱ्या झग्यातल्या माणसाला हा कानस धरायला लावेल असं मला वाटलं नव्हतं. लावली. शिव्या मात्र त्या दिवशी त्यानं मोटारसायकलला दिल्या. रविवारी प्रार्थनेला गेला तर पाळकसाहेबांनी हाताचे फोड दाखवले म्हणे, आणि हा पठ्ठ्या तिथंच खूश झाला. राग आला तरी माणूस असा होता, त्याला सोडून जावंसं वाटायचं नाही.

त्याच्या हाताखालून गेलेल्या ड्रायव्हरांत एक किसन. तात्यासाहेबांच्या अँबॅसेडरवर होता. तात्यासाहेब म्हणजे मोठे बागायतदार, उसाच्या राजकारणात वजन असलेला माणूस. खरं नाव सांगत नाही, त्यांची मुलं-नातवंडं आहेत. किसन नवा असताना एकदा बोल्ट घासून आला होता आणि याकोबनं त्याला दिवसभर रडवलं होतं. पण पोरगं शिकलं. पुढं ते गाडी घेऊन आलं की याकोब स्वतःचा पाना त्याच्या हातात द्यायचा; तो पाना मला सुद्धा मिळत नसे. "नाना, ह्या एकट्याच्या हाताला कान हायेत," मला म्हणायचा.

मग तो दुष्काळ आला. किसनचं गाव पारनेरकडचं, कोरडवाहू. त्याची आई आणि बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होत्या. हातांना चिंध्या बांधून जायच्या, तो सांगायचा. घरात पगार येणारा हा एकटा. त्या साली पगाराची नोकरी म्हणजे काय होती, हे आता सांगून कुणाला कळायचं नाही.

अशात एका दुपारी अँबॅसेडर वाफा टाकत शेडपुढं येऊन थांबली. वॉटर पंप गळत होता. रस्त्यानं जिथं जिथं थांबली तिथं तिथं रेडिएटरमध्ये पाणी ओतत आणली होती. ज्या गावांत बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या, त्या गावांतून ही गाडी पाणी पीत आली. माझं डोकं तिथंच फिरलं होतं. पंप बदलायचा तर त्याचे बोल्ट काढायला हवेत, आणि त्यातल्या एकाचं डोकं पार गोल झालेलं.

"या गाढवानं पक्कड लावली," तात्यासाहेब खाली उतरत म्हणाले. "लवकर काढा. मला नगरला पोचायचंय." किसन मान खाली घालून उभा होता.

याकोबनं बोल्ट बघितला. मग किसनचे हात बघितले. मग त्याची नजर तात्यासाहेबांच्या उजव्या हातावर गेली. बोटांच्या पेरांवर औषधाची पट्टी होती. जोर लावताना पक्कड घसरली की बोटं रेडिएटरच्या जाळीवर आपटून सालटी निघतात. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाची एकदा तरी निघालेली असतात. किसनच्या हातांवर ओरखडा नव्हता.

"हे किसनचं काम न्हाई," याकोब म्हणाला.

मी मागून त्याचा सदरा ओढला. त्यानं माझा हात झटकला.

"ज्याची बोटं सोलल्यात त्याचं काम हाय हे. तात्यासाहेब, कोट काढून ठिवा. कानस देतो. शिकवतो बी."

रस्त्याकडेचे चार लोक गोळा झाले होते. तात्यासाहेब चिडतील असं मला वाटलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले आणि किसनकडं वळले. "किसन, सांग बाबा मिस्त्रीला. बोल्ट कोणी घासला? नीट आठवून सांग. आणि उद्यापासून गाडीवर यायचं का घरच्यांबरोबर खडी फोडायला जायचं, ते पण सांगून टाक."

किसननं एकदा याकोबकडं बघितलं आणि नजर खाली टाकली. "मीच," तो म्हणाला. "माझाच हात लागला, मिस्त्री."

"माझ्याकडं बघून बोल."

"माझाच लागला." आणि त्यानं याकोबच्या हातातून कानस स्वतःच ओढून घेतली.

मग त्या पोरानं आमच्या सगळ्यांसमोर तो बोल्ट काढला. कानस कुठं जास्त लागली नाही, कुठं कमी नाही. बोल्ट तापवला, मेणबत्तीसाठी हात मागं केला, याकोबनं तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. पाना ठोकून बसवला. आधी जरा आवळला, मग सोडला. असा हात पक्कड लावून हिसडे मारेल का, हे आंधळ्याला सुद्धा कळलं असतं. तात्यासाहेबांना तर नक्कीच कळत होतं. तरी ते म्हणाले, "काय मिस्त्री, आज शिव्या नाहीत? का आमच्या माणसाला सूट?"

याकोब भिंतीला टेकून उभा होता. इतकी वर्षं त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून मी नवस बोलायचा बाकी होतो, आणि त्या दिवशी ते बंद झालेलं मला बघवेना.

बोल्ट निघाला. "जमतंय की रे," तात्यासाहेब म्हणाले, "मग आधीच नीट करायचं होतंस." नवा पंप बसला, आमच्या पिंपातलं पाणी रेडिएटरमध्ये गेलं आणि गाडी नगरकडं निघून गेली. त्या माणसाच्या तोंडावर तो सुटलेला बोल्ट फेकून मारायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

गाडी गेल्यावर माझा सगळा राग याकोबवर निघाला. "पट्टी दिसली म्हणून बोलायलाच पाहिजे होतं का? त्या पोराच्या पोटाचा विचार केलास का? तुझा कायदा तुझ्या घरी ठेव."

तो माझ्यावर उलटून ओरडेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "मी त्याला खरं बोलाय शिकवलं हुतं, नाना. आन् आज मीच त्याला चारचौघांत खोटं बोलाय लावलं."

काही दिवसांनी एक ट्रक आला. ड्रायव्हर घाबरतच उतरला आणि विचारायच्या आधी म्हणाला, "मिस्त्री, चुकलो. हात माझाच लागला." याकोब म्हणाला, "असू दे. सर बाजूला." आणि त्यानं स्वतः कानस उचलली. मला वाटलं, एखाद्या दिवसाचं असेल. पण त्यानंतर त्यानं कुणालाच विचारलं नाही, कुणालाच शिकवलं नाही. घासलेले बोल्ट येत राहिले, तो मुकाट्यानं काढत राहिला. गिऱ्हाईक वाढलं. लोक मला येऊन सांगायचे की मिस्त्री सुधारला, आता शेडमध्ये यायला भीती वाटत नाही. मी त्यांना चहा पाजायचो आणि मनात शिव्या द्यायचो. तात्यासाहेबांची गाडी पण यायची. किसन स्टिअरिंगवरून उतरायचा नाही आणि याकोब इंजिनावरून मान वर करायचा नाही.

बऱ्याच वर्षांनी याकोब गेला. एका दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. त्याला पुरायला निम्मा बाजार लोटला होता. तात्यासाहेब पण आले, काठी टेकत, किसनच्या खांद्यावर हात ठेवून. माती देऊन झाल्यावर त्यांना चार शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "मिस्त्री उमेदीत फार तापट होता. पण पुढं माणूस निवळला. असा शांत माणूस आपल्यात होता, हे आपलं भाग्य." लोकांनी माना डोलावल्या. मी पुढं व्हायला निघालो होतो. काय बोललो असतो कुणास ठाऊक, पण शोभलं नसतं.

तेवढ्यात किसन बोलला. आवाज चढवला नाही, नेहमीसारखाच बोलला. "तात्यासाहेब, तो बोल्ट मी घासला न्हवता."

कसला बोल्ट, कुणाला काही कळलं नाही. लोक एकमेकांकडं बघू लागले. तात्यासाहेबांना कळलं. त्यांनी किसनच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. किसननं गाडीची चावी त्यांच्या त्या हातात ठेवली आणि तो फाटकाकडं चालू लागला.

मला त्याचाही राग आला. ज्याला हे ऐकायचं होतं, त्याच्यावर आम्ही नुकतीच माती लोटली होती.