अंगठा धरून उठवणं

बायकोबरोबर मी शेवटचं काय केलं, तर टीव्हीवर सिनेमा पाहिला. लढाईवरून आलेल्या फौजीला बायको उठवायला जाते, तर तो झोपेतच तिचा गळा धरतो.

आमची म्हणाली, "येडीच आहे. पायाचा अंगठा हलवून लांब व्हायचं असतं."

मी फौजेतून आल्यापासून ती मला तसंच उठवायची. मला वाटायचं, रोज पाया पडते. मी मनातून फुगायचो.

"मीही गळा धरला होता?"

"एकदाच. चहा टाकू?"

लढाईला मी गेलो, आणि जन्मभर घाबरून राहिली ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. शेजारीण म्हणाली, "भाऊ, हात लावून बघा की." मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिलो.