देवीचा बोकड आणि कलेक्टरांचा हुकूम

मुलांनो, आजी नवस मानते का, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत. मी कोल्हापुरात हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवलं. नवसावर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी नव्वदच्या दशकात, चंदगड तालुक्यातल्या आपल्या गावच्या जत्रेत जे घडलं, ते घडलं तसं लिहिते.

तुमचे बाबा लहानपणी काविळीनं हातचे जायला आले होते. तेव्हा माझ्या सासूबाईंनी गावदेवीला बोकड कबूल केला होता: पोरगं शिकून नोकरीला लागलं की देईन. नोकरी लागली, तीही परदेशात. नवस फेडल्याशिवाय त्याला समुद्रापार जाऊ देणार नाही, असं सासूबाईंनी सांगून टाकलं, आणि आपल्या आजीचा, म्हणजे सासूबाईंचा, शब्द मोडून जाणारे तुमचे बाबा नव्हते. नेमकी त्याच वर्षी जत्रेत पशुबळी द्यायला कलेक्टरांनी मनाई केली.

वेशीवर पोलिसांनी बोकड अडवला. तिथं लावलेल्या फलकावरचा हुकूम मी सासूबाईंना वाचून दाखवला. घटनेनं प्रत्येकाला आपल्या धर्माप्रमाणे वागायचा हक्क दिलाय, पण सार्वजनिक सुव्यवस्था, आरोग्य आणि नीती सांभाळून. तिथं सरकारला हात घालता येतो, हेही वर्गात सांगावं तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय, पर पोरगं सरकारनं वाचवलं न्हवतं की."

हुकूम मला पटत होता. पण देवीचं देणं राहिलं तर ती पोरावर कोपेल, ही त्यांची भीतीही मला समोर दिसत होती.

बोकड वेशीवरच्या फौजदारांजवळ ठेवून आम्ही देवळात गेलो. गुरवानं कौल लावला, म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. बोकड जिवंत सोडला तर चालेल का, असं त्यानं विचारलं. पाकळी हलेना. मागची रांग कुरकुरू लागली. मग सासूबाई स्वतःच बोलल्या, "आई, मी आणलाय, ह्या पोलिसांनी अडवलाय. काय राग काढायचा तो माज्यावर काढ. पोराला जाऊ दे."

उजवी पाकळी पडली.

वाळून पडली असेल, वाऱ्यानं पडली असेल. मी शोधत बसले नाही. माझे हात केव्हा जोडले गेले, तेही मला कळलं नाही.

बाहेर येऊन सासूबाईंनी बोकडाला हळदकुंकू लावलं आणि दोरी फौजदारांच्या हातात दिली. "पावणं, ह्यो आता देवीचा. मागनं कुणी कापला तर तुमी बघायचं." आजूबाजूची माणसं हसली. फौजदार हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि बोकड देवराईत सोडायला हवालदाराला सोबत दिलं.

हक्क कसा मागायचा, हे मी जन्मभर शिकवलं. मागणं संपल्यावर सगळं देवीच्या पायाशी ठेवून उठायचं कसं, हे त्या दिवशी माझ्या सासूबाईंकडून पाहिलं. तुमचे बाबा निघाले त्या सकाळी त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आता तिचं ती बघंल," आणि तांदूळ निवडायला बसल्या. तो निर्धास्तपणा मला थोडा तरी लाभला, म्हणूनच तुम्ही इतके लांब असूनही मला रात्री झोप लागते. त्याबद्दल मी रोज देवीपुढे हात जोडते.