ढगांना दिलेली सफेदी

आमच्या वन्संना ऑफिसातले लोक शास्त्रज्ञ म्हणतात आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे हे, ढगाळबाई म्हणतात. त्या चिडत नाहीत. "ढगाळ असणं सोपं नाही, दादा. आम्ही इतकी वर्षं कॉम्प्युटरला तेच शिकवतोय," म्हणतात.

हवामानाचा अंदाज काढायच्या कॉम्प्युटरमध्ये अख्खी पृथ्वी आकड्यांनी मांडलेली असते. तिला त्या मॉडेल म्हणतात. त्या पृथ्वीच्या समुद्रावर बसके ढग धरून ठेवायचे, हे वन्संचं काम. बसके म्हणजे पाण्यापासून फार वर न जाणारे, चादरीसारखे पसरलेले. त्यांच्यातून पाऊसही धड पडत नाही. मग एवढं कौतुक कशाला, असं मी एकदा विचारलं.

"ऊन परतवतात ना ते, वहिनी. ते नसले तर समुद्र नको तितका तापेल आणि पुढचे सगळे अंदाज कोलमडतील."

पण ही चादर इतकी पातळ, की मॉडेलमधल्या हवेच्या जाड थरांत ती टिकतच नाही. वन्संनी उमेदीची सगळी वर्षं तिच्यामागे घालवली. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. त्यांच्या खोलीची खिडकी जिन्यात उघडते. आभाळ बघायचं तर गच्चीवर यायचं, आणि तिथेही माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांतून वाट काढायची.

यंदा त्यांना जमलं. ढग जिथे असायला हवेत तिथे दिसायला लागले. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. पण दोन दिवसांनी वन्सं ताप आला म्हणून घरी बसल्या. कपाळाला हात लावला तर गार.

"ढग बरोबर आलेत आणि अंदाज बिघडलेत," त्या म्हणाल्या.

मला समजलं ते असं. फार पूर्वी, कॉम्प्युटर लहान होते तेव्हा, त्यांना हे काम शिकवणाऱ्या सरांनी एक तोड काढली होती. ढग कमी पडतात ना, मग आहेत तेच जास्त पांढरे करायचे. थोडे ढग, पण लख्ख. ऊन तेवढंच परत जायचं, हिशेब जुळायचा. ऑफिसात तिला 'सरांची सफेदी' म्हणत. आता वन्संचे पुरेसे ढग आले, वर सरांची सफेदी तशीच. ऊन नको तितकं परतलं, मॉडेलमधला समुद्र गारठला.

"मग सफेदी काढा की!"

"नुसती ती काढली तरी अंदाज बिघडतात. दोन्ही एकदम करायला हवं, आणि आमच्याकडे एका वेळी एकच बदल तपासतात. अपवाद करायचा तर बदल मंजूर करणाऱ्या समितीच्या प्रमुखांची परवानगी लागते."

"प्रमुख कोण?"

वन्संनी उशीत तोंड खुपसलं. प्रमुख सरच होते. महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्याआधी बदल मंजूर झाला नाही, तर मॉडेल आहे तसंच कायम होऊन पुढची काही वर्षं त्याला कुणी हात लावणार नव्हतं. आणि ह्याच सरांनी, माझे सासरे गेले तेव्हा, शिक्षण सोडायला निघालेल्या वन्संना परत बोलावून कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसवलं होतं.

संध्याकाळी सर स्वतःच दारात उभे. "ताप आलाय म्हणे?"

"उतरला, सर," वन्सं म्हणाल्या.

"तुला बघून मला चढेल. काय झालंय?"

मी चहाच्या निमित्ताने उठले. वन्संनी माझा हात धरला. "वहिनी, बसा तुम्ही." आणि जमिनीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे तिथे माझं एवढंच उरलंय, तेही काढायचं."

"सर, तसं नाही..."

"तसंच आहे. ती तोड कामचलाऊ होती, मला माहीत आहे. कामचलाऊच सगळ्यात जास्त टिकतं." मग एकदम आवाज चढला. "पण तुझं बरोबर कशावरून? उद्या ये, दाखव."

चहा न घेताच गेले. वन्सं म्हणाल्या, "दुखावले." दुखावलेच होते.

दुसऱ्या दिवसापासून सर वन्संच्या शेजारी खुर्ची टाकून बसले, आणि सासू भातात खडा शोधते तसे चुका शोधायला लागले. आणि सापडली एक! खरा ढग दुपारी उन्हाने विरळ होतो, वन्संचा दिवसभर तेवढाच दाट राहायचा. "हा ढग आहे की गोधडी?" सर म्हणाले. वन्सं घरी येऊन माझ्यावर तणतणल्या, जेवल्या नाहीत, आणि सकाळी चूक दुरुस्त करायला लवकर गेल्या. दुरुस्त झाल्यावर सर "हं" म्हणाले. शाबासकी नाही, काही नाही.

समितीच्या बैठकीत कुणीतरी हरकत घेतलीच. "सर, नियम एका बदलाचा आहे."

"नियम मीच केलाय," सर म्हणाले. "दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत असतील, तर एकीला एकटीलाच घराबाहेर काढून चालत नाही. दोन्ही एकदम. परवानगी दिली."

पुढचं वन्संनी मला स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून सांगितलं. सफेदीची ती ओळ पडद्यावर होती. वर सरांची आद्याक्षरं. नुसती खोडायची, पण वन्संचं बोट काही खाली जाईना. सर मागे उभे होते.

"सरक जरा," ते म्हणाले. स्वतः बसले, ओळ एकदा वाचली, आणि खोडली.

"मग?" मी विचारलं.

"मग म्हणाले, आता चालव. बघू तुझा समुद्र कसा राहतो ते."

"कसा राहिला?"

"हवा तसा राहिला, वहिनी," वन्सं म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत स्वतःच ताट वाढून घेतलं.